त्या थंडीतली पोर्ट वाइन

यंदा नागपूरला थंडी उशिरा आली, पण आली ती अशी की दुपारी जेवण झाल्यावरसुद्धा उन्हातली खुर्ची सोडवेना. चौकात संत्र्यांच्या हातगाड्या लागल्या आहेत. परवा संत्री घ्यायला म्हणून बाहेर पडले, तर औषधाच्या दुकानाशेजारी एक नवीन काचेचं दुकान उघडलेलं दिसलं. मला वाटलं, बेकरी असेल. दार ढकलून आत गेले तर चारी भिंतींना बाटल्याच बाटल्या! गल्ल्यावरचा माणूस उठून उभाच राहिला. "आजी, औषधाचं दुकान बाजूले आहे," म्हणाला. "ठाऊक आहे मले," मी म्हटलं आणि निव्वळ हट्टानं तिथंच उभी राहिले. म्हातारी झाले म्हणून कुठं शिरायचं ते काय आता हा सांगणार?

समोरच्या फळीवर पोर्तुगाल अशी पाटी होती. तीन बाटल्या ओळीनं, प्रत्येकीखाली किंमत. पहिली माझ्या पेन्शनीत बसेल अशी, तिसरीची किंमत वाचून मी चष्मा पुसला. तो माणूस जवळ आला आणि अदबीनं म्हणाला, "कोनाले भेट द्यायची आहे का? मंग मधली घ्या. लोक मधलीच नेतात." मी तशीच बाहेर आले. घरी पोचल्यावर लक्षात आलं, संत्री घ्यायची राहूनच गेली होती.

मधली घ्या! हे मी आधीही एकदा ऐकलं होतं. गोवा आपल्यात आला त्याला तीनचार वर्षं होऊन गेली होती, तेव्हाचा तो हिवाळा. माझी विमलताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मी कॉलेजात होते. महाल भागातल्या एका घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतलेला, आणि बाबांचं गांधीबागेत लुगड्या-धोतरांचं ठोक दुकान. बाळंतिणीच्या खोलीचे वास मला आधी आठवतात, माणसं नंतर. ओव्याची धुरी, तुपात फुलणारा डिंक, शेक घ्यायच्या खाटेखालचे निखारे. आई संत्र्याची सालं वाळवून ठेवायची आणि शेगडीवर चिमूट चिमूट टाकायची. मग खोलीभर असा काही दरवळ सुटायचा की मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन तिथंच जाऊन बसायची. बाळ झोपलेलं असायचं आणि ताई मला भाऊजींच्या नोकरीच्या गावच्या, गोव्याच्या गोष्टी सांगायची. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून नदी दिसते म्हणे. भाऊजी ऑफिसातून येताना वाटेत थांबून मोगऱ्याचा गजरा आणतात, तो खिशात चुरगळतो, आणि तसाच चुरगळलेला ती घालते. सांगताना ती छताकडे पाहायची. लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं, त्यातले किती महिने ती तिथं राहिली असेल!

मुलगी झाली, छान झाली, पण ताई काही उठेना. तोंडावर रक्त म्हणून नाही. बसवली तर भिंतीला टेकून डोळे मिटायची. बाबांनी टांगा करून तिला धंतोलीत नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पापणी खाली ओढून पाहिली, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "पोर्ट वाइन मिळाली तर जेवणानंतर दोन दोन चमचे देत जा." आई तिथंच किंचाळली. "अगं बाई! बाळंतिणीले दारू?" डॉक्टरीणबाईंना हे नवीन नसावं. "टॉनिक म्हणा," त्या म्हणाल्या. आजचे डॉक्टर असं काही ऐकतील तर कानावर हात ठेवतील, पण तेव्हा मोठ्या मोठ्या घरांत बाळंतिणीच्या उशाशी ही बाटली असायची. आमच्याकडे दारूबंदीचे दिवस होते, परवाना लागायचा. आई म्हणाली, "जावईबापू गोव्यातच तं आहेत. त्यायले कळवू." मीच पत्र लिहिलं.

भाऊजी गाड्या बदलत बदलत आले ते अंथरुणाचा होल्डॉल छातीशी धरून. हमालाला हात लावू दिला नव्हता म्हणे. भंडाऱ्याकडचा माणूस, काटकुळा, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं इतकं हळू की आई दर वाक्याला "आं?" करायची. आधी ते ताईच्या खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा चष्मा हातात होता आणि डोळे लाल. मग त्यांनी होल्डॉल सोडला. बनियनांत गुंडाळलेल्या तीन बाटल्या निघाल्या. "कोणती लागू पडेल ते समजेना," ते म्हणाले, "म्हणून तीन किमतींच्या तीन आणल्या."

इथं भाऊजींचं काम सांगायला पाहिजे. ते अबकारी खात्यात कारकून होते. पोर्तुगीज गेले तेव्हा त्यांच्या व्यापाऱ्यांच्या गोदामांत वाइनचा माल पडून राहिला होता. कोणता चांगला, कोणता उतरलेला, कशाची किती किंमत धरायची, हे ठरवून तो लिलावाला काढायचा होता. एक म्हातारे गोवेकर गृहस्थ त्यासाठी नेमले होते आणि भाऊजी त्यांच्या हाताखाली. त्या गृहस्थांनीच त्यांना शिकवलं. उजेडात धरायची, वास घ्यायचा, घोटभर तोंडात घोळवायची आणि थुंकून टाकायची. पोटात जाऊ द्यायची नाही, नाहीतर दुपारपर्यंत सगळीच वाइन चांगली लागायला लागते, असं ते म्हणत. भाऊजींनी हे मला मागे एकदा सांगितलं होतं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

तर बाबा दुकानातून आले. तीन बाटल्या दिसल्यावर त्यांच्यातला दुकानदार जागा झाला. त्यांनी खिडकीपाशी चटई टाकली आणि ताग्यांसारख्या त्या बाटल्या शेजारी शेजारी मांडल्या. बाबांचा धंद्यातला एक शिरस्ता होता. गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा हलकं लुगडं दाखवायचं, मग एकदम भारी, आणि गिऱ्हाईक बिचकलं की मधलं काढायचं. मधलं हमखास जातं. "जावईबापू," बाबांनी विचारलं, "हिच्यात आन् तिच्यात फरक काय?"

अहो, त्या एका प्रश्नानं भाऊजींचा चेहरा काय उजळला! सासऱ्यानं लग्नापासून पहिल्यांदा त्यांना काहीतरी विचारलं होतं, आणि तेही नेमकं त्यांना येतं तेच. त्यांनी आईकडे काचेची वाटी मागितली. डॉक्टरांची चिठ्ठी होती, घरात बाटली असणं पाप नव्हतं, म्हणून ते मोकळे झाले असावेत. पहिली बाटली फोडून त्यांनी वाटीत थोडी ओतली, खिडकीच्या उन्हात धरली. लाल रंग भिंतीवर हलला. वास घेतला, घोट घेतला, गालात इकडून तिकडे घोळवला, आणि उठून मोरीत थुंकले. "ही गोड आहे. साखरेचे पैसे. आजारी माणसाला काम भागतं." दुसरी. पुन्हा तेच सगळं. "ही बघा मामाजी. थुंकल्यावर सुद्धा जिभेवर राहते. हिला अंग आहे, दाटपणा आहे. दुप्पट पैसे पडले, पण वसूल आहेत." तिसरीला तर त्यांनी नुसता हात लावला तरी हळूच लावला. तिच्या किमतीत बाबांच्या दुकानातलं चांगलं जरीकाठी लुगडं आलं असतं. वाटीत ओतली तर काय, तिचा लाल रंग उतरून फिकट विटकरी झालेला.

"हिचा तं रंग गेला," बाबा म्हणाले.

"लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षं ठेवली की जातो."

"म्हणजे जुना माल! आमच्याकडे रंग उतरलेलं लुगडं अर्ध्यात काढतो आमी. याले जास्ती पैसे काहून?"

मी हसले. भाऊजीही हसले आणि उत्साहानं सांगत सुटले. जुनीला खारकेचा वास येतो, अक्रोडाचा येतो, पण तिच्या किमतीतला निम्मा पैसा नावाचा आणि बाटलीचा. ज्याला कळतं त्यानं ती घ्यावी, रोजच्या माणसानं मधली घ्यावी, पैशाला पैसा मिळतो. इतकं ते आमच्या घरात एका दमात कधी बोलले नव्हते, आणि आई एकदाही "आं?" म्हणाली नाही. मी संत्रं सोलत बसले होते. मला वाटलं, वा, आता जमलं यांचं बाबांशी. बाबा मात्र त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. "बरंच ठाऊक आहे तुमाले," एवढंच म्हणाले आणि पगडी घालून दुकानात परत गेले.

संध्याकाळी भाऊजी ताईजवळ बसले होते तेव्हा स्वयंपाकघरात बाबा आईला म्हणाले, "मले कापडाची पारख काहून आली? जन्मभर कापड बोटात धरलं म्हणून. याले दारूची पारख आली ते काय पुस्तक वाचून आली?"

आई म्हणाली, "पण ते थुंकले नं हो."

"सासऱ्याच्या घरी थुंकले. आपल्या घरी कोन थुंकते?"

मी मध्ये पडले. त्यांचं कामच ते आहे, सरकार त्यासाठी पगार देतं, हे सगळं सांगितलं. बाबा माझ्यावरच घसरले. "सरकार पगार देऊन दारू चाखायले लावते? तू चूप बस वं. कॉलेजात हेच शिकवून राहिले का तुले?"

बाबा वाईट नव्हते हो. त्यांचा धाकटा भाऊ, आमचा वामनकाका, प्यायचा. त्यानं आधी हातमाग विकला, मग काकूचं डोरलं, आणि शेवटी एका उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला सापडला. काकूला आणि तिच्या मुलांना बाबांनीच पोसलं. काका सुद्धा एके काळी दारूवर असंच रंगून बोलायचा, मोहाची कोणती पहिल्या धारेची ते वासावरून सांगायचा. बाबांनी भाऊजींच्या तोंडून भावाचं बोलणं ऐकलं. त्या क्षणी त्यांना घोळवून थुंकणारा जावई दिसलाच नाही. मला हे कळतं. कळूनही राग येतो, आज इतकी वर्षं झाली तरी येतो.

आणि गंमत बघा, ज्या बाटल्यांनी जावई वाया गेलेला ठरला, त्याच बाटल्यांतून ताईला रोज दोन दोन चमचे जात होते. आई नाक मुरडत, तोंडानं देवाचं नाव घेत चमचा भरायची. माघ लागता लागता ताईच्या गालावर रंग आला. ती उन्हात बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायला लागली, गुणगुणायला लागली. बायकोच्या चमच्यात तेच औषध होतं, नवऱ्याच्या जिभेवर तेच व्यसन. मी आईला हे म्हटलं तर ती म्हणाली, "तू नको डोकं चालवू, पोरीचं भलं होऊन राहिलं नं?" भाऊजी रजा संपवून कधीच गोव्याला परतले होते. होळीनंतर न्यायला येतो म्हणाले होते. ताईनं बाळासाठी टोपड्यांची, दुपट्यांची ट्रंक भरायला घेतली होती.

होळीनंतर ते आले. पळसाची फुलं रस्तोरस्ती पडलेली, ऊन तापायला लागलेलं. बाबा त्या दिवशी मुद्दाम दुकानात गेले नाहीत. पाणी झालं, चहा झाला. मग बाबा म्हणाले, "पोरगी तिकडे नाई पाठवत मी. तुमी बदली करून नागपूरले या, मंग पाहू."

भाऊजींना काही समजेचना. "नोकरी आत्ता कायम होऊन राहिली मामाजी. बदली कशी मागू? पण काहून?"

बाबांनी सांगितलं काहून. सरळ सांगितलं. भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. "मी पीत नाही," ते म्हणाले.

"पेनारा बी हेच म्हणते."

"मग न पिणाऱ्यानं काय म्हणावं?"

बाबा उपरण्याची कडा चाचपत बसले. मी दाराशी होते, माझ्यामागे आतल्या खोलीत ताई, कडेवर बाळ, अंगावर प्रवासाचं पातळ. भाऊजी उठून उभे राहिले आणि पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले, "बायको न्यायला मी साहेबाचा दाखला आणू का?" बाबांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "तिला विचारा," भाऊजी म्हणाले. "तिला यायचं असेल तर?"

"ते काय सांगन? तिले काय समजते? लेकरू आहे ते."

कडेवर लेकरू घेतलेली माझी बहीण ते ऐकत होती. आईनं पदर तोंडाला लावला. काकू, जिला बाबांनी पोसलं होतं, ती कोपऱ्यात बसून मान हलवत होती, हो म्हणून की नाही म्हणून कोण जाणे. कुणीतरी एक शब्द बोलायला पाहिजे होता. ताई उंबऱ्यापर्यंत आली. भाऊजी तिच्याकडे पाहत राहिले. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांकडे पाहिल्याशिवाय आमच्या घरात कुणी पाऊल टाकत नसे, तशी सवयच होती, त्यात निवड अशी काही नव्हती. पण भाऊजींनी त्याचा अर्थ लावायचा तो लावला. त्यांनी वाकून बाळाच्या पायाला हात लावला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. ट्रंक भरलेली तशीच चार दिवस दाराशी होती. मग आईनं ती माळ्यावर टाकली.

सगळ्यांना वाटलं, येतील पुन्हा. बाबांनाही तेच वाटत असावं. धंद्यात गिऱ्हाईक उठून गेलं तरी पायऱ्या उतरेपर्यंत त्याला हाक मारायची नसते, ते आपणच वळतं, यावर त्यांचा भरवसा. हे गिऱ्हाईक काही वळलं नाही. अभिमानी होता माणूस. हळू बोलणारी माणसं किती अभिमानी असतात हे आपल्याला वेळेवर कळत नाही. दर दिवाळीला भाऊजींकडून मुलीसाठी कपडे यायचे, मापाचे कधीच नसायचे, आधी मोठे, मग ती वाढली तसे लहान. ताईनं ते सगळे ठेवले. ती शिक्षिका झाली, सीताबर्डीवरच्या शाळेत पोरांना गणित शिकवायला लागली. गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर कुंकू, आणि दर हळदीकुंकवाला बायकांचे तेच प्रश्न. "साहेब अजून तिकडेच का?" "हो, तिकडेच," ताई म्हणायची आणि वाण पुढे करायची.

बाबा थकले तेव्हा एकदा त्यांना दवाखान्यातून घरी आणत होते. रिक्षात ते मध्येच म्हणाले, "त्याची बदली झाली का वं कुठं?" कुणाची ते मी विचारलं नाही. "नाही," म्हटलं. "हं," म्हणाले आणि रस्त्याकडे पाहायला लागले. एवढंच. त्यांनी पुढाकार घेऊन एक ओळ लिहिली असती तर! पण जन्मभर ज्यानं बोटांनी माल पारखला, त्याला आपली बोटं चुकली असं म्हणणं जमलं नाही. पुढच्या वर्षी ते गेलेच.

मुलीच्या लग्नाला भाऊजी आले होते. तिनंच पत्रिका पाठवली होती. मंडपात मागच्या रांगेत बसले, केस पांढरे, तोच चष्मा. पंगतीत जेवले. व्याह्यांपैकी कुणीतरी जरा बाजूला बोलावून डोळा मारला तर हात जोडून म्हणाले, "मी घेत नाही." माझ्या कानांनी ऐकलं मी. ताई वाढत होती. त्यांच्या पानावर तिनं जिलबी वाढली, त्यांनी "पुरे" म्हटलं, आणि ती पुढच्या पानाकडे गेली. दोघंही पन्नाशीच्या अलीकडे. मला वाटलं होतं, आज तरी हे बोलतील. मांडवात किती गर्दी होती, आणि विदाईच्या रडारडीत ते कधी निघून गेले कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर दोनेक हिवाळे गेले असतील. एका दुपारी भाऊजींचा पुतण्या आला. काका गेले, महिना झाला, असं सांगायला आला होता. आधी कुणाला कळवावं ते त्याला सुचलं नव्हतं, बिचारा फार संकोचला होता. ताईनं त्याला पाणी दिलं. रडली नाही. चहा करून आणला, त्यानं तो प्यायला. कसे गेले, काय झालं होतं, हे मीच विचारत होते. ताई भिंतीला टेकून उभी होती. तिनं एकच विचारलं.

"त्यांच्याकडे स्वयंपाक कोण करायचं?"

"कोणी नाही काकू. स्वतःच करायचे," तो म्हणाला. "म्हणजे काय, वरण-भात लावायचे. त्याच्यापुढे काही जमलंच नाही त्यायले. शेवटपर्यंत दोन्ही वेळा तेच खायचे."

ताईनं मान हलवली. पुढे होऊन तिनं त्याची रिकामी कपबशी उचलली, आणि ती हातात धरून, त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहून म्हणाली,

"कुंदे, मले तं सगळं करता येत होतं वं."